व्हॅनचा गॅस, म्हणजे पेट्रोल (ढोल-ताशा पथक, न्यू जर्सी)

मंदार: वॉशिंग्टनहून परत येताना आपल्या शेव्ही (शेवरले) व्हॅनला २०३ मैलांना २२ गॅलन लागले. पथकाच्या खात्यात किती उरलेत ते सगळ्यांना माहीत आहे. हे कसं चालायचं?

सुहास काका: मी तेव्हाच म्हणालो होतो, जुनी फोर्ड व्हॅन विकू नका. ६.८ लिटरचं व्ही-टेन इंजिन, १० सिलिंडर. पोकोनो डोंगराच्या चढाला दमायचं नाही.

प्राजक्ता: काका, दमायचं नाही, पण प्यायचं किती!

सुहास काका: गॅलनला १३ मैल द्यायचं. मी स्वतः चालवलीय.

अरुंधती काकू: निळी वही माझ्याकडे आहे. फोर्डची सरासरी ९.८, ढोलांसकट. १३ एकदाच आलंय, रिकामी गाडी नेली होती तेव्हा. आणि कृपा करून एमपीजी (गॅलनला किती मैल) सांगू नका. १०० मैलांना किती गॅलन लागले ते सांगा. फोर्डला १०.२.

निनाद: गाडी मी चालवत होतो, म्हणून बोलतो. ताशी ६५ मैलांच्या वर गेलो नाही. माझ्यावर शंका असेल तर सरळ सांगा.

मंदार: शंका कोणी घेतली? हिशोब विचारलाय.

निनाद: विचारायची पद्धत असते मंदारदादा. रात्री १ वाजता ढोल उतरवायला किती जण होते तेही लिहा मग.

रोहित: मला सकाळी शिफ्ट होती, आधीच सांगितलं होतं.

सुहास काका: शेव्हीचं ६.० लिटरचं इंजिन जुनं झालं. २०२१ पासून त्याच व्हॅनमध्ये ६.६ येतंय. फोर्डनेही व्ही-टेन काढून ७.३ आणलं. आता घ्यायचीच तर नवीन घ्या.

प्राजक्ता: काका, नवी ४० हजार डॉलरच्या वर जाते. आपली पागोटीसुद्धा अजून उधारीवर आहेत.

सुहास काका: पण मायलेज?

अरुंधती काकू: १५ सीटच्या एवढ्या जड व्हॅनला अधिकृत एमपीजीचं स्टिकरच नसतं. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा? आपली वही हाच पुरावा. जाताना आणि परेडच्या धावपळीत मिळून २६४ मैल, २३.५ गॅलन. म्हणजे १०० ला ८.९. फोर्डपेक्षा १.३ ने कमी. वर्षाला ५,००० मैल धरले तर ६५ गॅलन वाचतात. तेवढ्यासाठी ना जुनीसाठी रडायचं, ना नवीन घ्यायची.

मंदार: मग येताना १०.८ का?

अरुंधती काकू: तेच मी विचारतेय. तोच माणूस, तेच ढोल, तोच रस्ता. निनाद, मेरीलँडच्या पंपाची पावती टाक.

रोहित: टायरमधली हवा बघितली का? मागच्या चाकांना ८० पीएसआय लागते.

निनाद: निघायच्या आधीच बघितली. पावती शोधतो.

निनाद: मिळाली. त्यावर ई-८५ लिहिलंय.

प्राजक्ता: अरे देवा. इथेनॉलवालं!

निनाद: पिवळं हँडल होतं. गाडीचं झाकणही पिवळं, म्हणून तेच आपलं असं वाटलं. स्वस्तही होतं. जर्सीत पंपवालाच भरून देतो, आपण कुठे स्वतः भरतो!

अरुंधती काकू: पिवळं झाकण म्हणजे ई-८५ चालतं, एवढंच. २०१२ च्या आपल्या ६.० ला चालतं, त्यामुळे इंजिनाला काही झालेलं नाही. पण त्यात निम्म्याहून जास्त इथेनॉल असतं, आणि इथेनॉलच्या गॅलनमध्ये ताकद गॅसच्या दोन-तृतीयांशच. म्हणून गॅलन जास्त गेले.

सुहास काका: तरी व्ही-टेनची मजा वेगळी.

मंदार: निनाद, माझं बोलणं लागलं असेल तर सॉरी. रात्रीचं उतरवणं तू आणि प्राजक्तानेच केलंस, ते मला माहीत आहे. पुढच्या वेळी मी येतो.

निनाद: ठीक आहे दादा. झाकणावर मराठीत चिठ्ठी चिकटवतो.

अरुंधती काकू: आणि वहीत मैल लिहायला विसरू नका. १०० मैलांना किती, तेवढंच.

रोहित: रविवारी ११ ला प्रॅक्टिस. किल्ली कोणाकडे आहे?