सीओपीडीच्या शेवटच्या टप्प्यात पॅलिएटिव्ह केअर मिळवायची कशी? मदत हवी आहे

उंबरठा

नमस्कार. माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे आणि आता हृदयही थकलंय. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी त्यानंतर बराच वेळ त्यांना बोलता येत नाही. रात्री धाप लागली की आईचा हात घट्ट धरून बसतात, मग दोघंही पहाटेपर्यंत जागी. त्रास वाढला की अॅडमिट, आयसीयू, जरा बरं वाटलं की डिस्चार्ज, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. दर वेळी घरी परतणारे बाबा आधीपेक्षा थोडे कमी असतात.

इथे विचारायचं कारण म्हणजे आमच्याच घरातला दुसरा अनुभव. मावशीला अंडाशयाचा कॅन्सर होता. केमो चालू असतानाच तिच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या, टीमशी गाठ घालून दिली. नर्स घरी यायची, मॉर्फिनचा डोस बघायची, पोट साफ राहण्याचं औषध त्याच्या जोडीनेच सुरू केलेलं. अपरात्री फोन करायला नंबर होता. पुन्हा अॅडमिट व्हायचंय का, घरी कोण जवळ हवं, हे त्यांनी आम्हाला नाही, मावशीला विचारलं. तिने घरीच प्राण सोडला. दुःख झालंच, पण तिचे हाल झाले नाहीत.

त्याच टीमला बाबांसाठी फोन केला, तर ‘आम्ही फक्त कॅन्सरचे पेशंट घेतो’ असं उत्तर मिळालं. छातीच्या डॉक्टरांना विचारलं, तर ‘अजून ती वेळ आलेली नाही’. ती वेळ कशी ओळखायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. एकाच घरातल्या दोन माणसांपैकी एकाला आधार मिळतो आणि दुसऱ्याला नाही, तेही फक्त आजाराचं नाव वेगळं म्हणून, हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

कॅन्सर नसेल तर ही सेवा खरंच नसते, की मागून घ्यावी लागते? डॉक्टरांशी कसं बोलायचं, म्हणजे आम्ही उपचार सोडतोय असा त्यांचा समज होणार नाही? आणि ऑक्सिजन चालू असतानाही लागणाऱ्या धापेवर काही करता येतं का? भाऊ म्हणतो, पॅलिएटिव्हचं नाव काढलं तरी बाबा खचतील. त्याचं काय करू तेही सांगा.

जुना_स्टेथो

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सेवा आजाराच्या नावावर नाही, त्रासावर ठरायला हवी, आणि जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही हीच आहे. त्यांच्याच आकडेवारीनुसार ज्या प्रौढांना पॅलिएटिव्ह केअर लागते त्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार असलेले ३८.५ टक्के आहेत, कॅन्सरचे ३४ टक्के आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांचे १०.३ टक्के. म्हणजे कॅन्सरचे रुग्ण तिसरा हिस्सा. तरीही बहुतेक टीम त्यांच्याभोवतीच उभ्या आहेत.

याला इतिहास आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं, तेव्हा तिथले बहुतांश रुग्ण कॅन्सरचे होते. पुढे देणग्या, प्रशिक्षण, नियम सगळं त्याच वाटेने गेलं. अमेरिकेत १९८२ मध्ये मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून, हॉस्पिसचा खर्च मिळू लागला, पण अट अशी की आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलंय असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. कॅन्सरमध्ये माणूस बऱ्याचदा शेवटपर्यंत बऱ्यापैकी हिंडता-फिरता असतो आणि मग थोड्या काळात झपाट्याने खालावतो, त्यामुळे अंदाज बांधता येतो. सीओपीडी आणि हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय थकण्याच्या आजारात) तसं होत नाही. मोठा झटका येतो, माणूस सावरतो, पण आधीच्या पातळीवर परत येत नाही. कुठला झटका शेवटचा, हे आधी कुणालाच कळत नाही. तुमच्या डॉक्टरांना ‘ती वेळ’ सांगता आली नाही ती म्हणूनच. मात्र त्या वेळेची वाट बघत बसलं, तर मदत पोहोचतच नाही.

म्हणून ‘किती दिवस उरलेत’ असं विचारू नका. विचारा, ‘येत्या वर्षभरात बाबा गेले, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?’ आमच्या क्षेत्रात डॉक्टर हा प्रश्न स्वतःलाच विचारतात. ‘नाही वाटणार’ असं उत्तर आलं, तर लगेच पुढचं वाक्य: ‘चालू आहेत ते सगळे उपचार चालू ठेवून, जोडीला त्रास कमी करणारी टीम हवी आहे. तसं पत्र द्याल का?’ पत्रात आजाराच्या नावाआधी त्रास लिहायला सांगा: बसल्या जागी धाप, झोप नाही, घाबरणं, वारंवार अॅडमिशन, सांभाळणारी बायको थकलेली. नुसतं ‘सीओपीडी’ वाचून नाही म्हणणारी टीम असं पत्र वाचून कधी कधी हो म्हणते. नाहीच म्हणाली, तर पेन क्लिनिक, वृद्धांचे डॉक्टर, नाहीतर तुमचे जुने फॅमिली डॉक्टर यांच्यापैकी कुणाला तरी धरा.

आता धाप. हातात धरायचा छोटा पंखा नाक-ओठांवर येईल असा धरा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चाचण्यांमध्ये त्याने धाप कमी झाल्याचं दिसलं आहे. पुढे झुकून कोपर टेबलावर टेकवून बसवा. रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन हवाच. पण तो ठीक असताना धाप लागत असेल, तर मशीनचा फ्लो वाढवून उपयोग होत नाही, आणि सीओपीडीत स्वतःहून वाढवणं धोक्याचं आहे. मॉर्फिनबद्दल स्पष्ट सांगतो: कॅन्सरच्या वेदनेवर ते जितकं खात्रीने काम करतं, तितकी खात्री जुनाट धापेबाबत नाही. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल फारसे उत्साहवर्धक नाहीत. तरी बाकी सगळं करूनही धाप राहिली, तर शेवटच्या टप्प्यात अनुभवी डॉक्टर अगदी लहान डोसने सुरू करून बघतात. मावशींच्या वेळचं उरलेलं घरात असेल, तर बाबांना ते कृपा करून देऊ नका. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नाही.

रानवाट

उंबरठा ताई, माझ्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. तिला दुखतंय हे सांगताच यायचं नाही. हाताची मूठ आवळायची, कूस बदलताना चेहरा आकसायचा, आणि सगळे म्हणायचे, स्वभाव चिडका झालाय. खूप उशिरा एका नर्सने कागदावर नोंदी ठेवायला लावल्या: कधी कण्हते, काय केल्यावर शांत होते. त्या नोंदी दाखवल्यावर मग वेदनेचं औषध सुरू झालं. तुमचे बाबा अजून बोलू शकतात. त्यांच्याकडून रोज धापेला दहापैकी मार्क घ्या आणि लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर ‘फार त्रास होतो’ या शब्दांना वजन राहत नाही, पण लिहिलेल्या पानाकडे त्यांना बघावं लागतं.

लांबचा_पल्ला

आम्ही राहतो तिथे नाही म्हणायलाही टीम नाही, म्हणून हा धागा अधाशासारखा वाचतोय. जगभरातला फरक तर फारच मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना ही काळजी लागते आणि मिळते ती जेमतेम १४ टक्के लोकांना. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०१७ चा अहवाल त्याहून जिव्हारी लागतो. जगात वर्षाला मॉर्फिनच्या हिशोबाने सुमारे २९८.५ टन वेदनाशामकं वाटली जातात, त्यातलं सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतं ०.१ टन. मॉर्फिन काही महागडं नवं औषध नाही. ते पोहोचत नाही ते कडक नियमांमुळे, आणि ते लिहून द्यायला शिकलेलं, न घाबरणारं माणूस जवळ नसतं म्हणून.

युगांडाने यावर मार्ग काढला. अॅन मेरिमन यांनी तिथे १९९३ मध्ये हॉस्पिस सुरू केलं, तोंडावाटे घ्यायचं साधं पातळ मॉर्फिन वापरात आणलं, आणि पुढे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना ते लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. डॉक्टर कमी असलेल्या ठिकाणी हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. माझा प्रश्न जुना_स्टेथो यांना: जवळ टीम नसेल तर लांबच्या टीमने फोनवरून गावातल्या नर्सला सांगावं, असं चालतं का?

जुना_स्टेथो

चालतं, आणि चांगलं चालतं. पहिली भेट प्रत्यक्ष झाली तर उत्तम. नंतर डोस, पोट साफ होणं, झोप, जखमांची काळजी हे सगळं फोनवर सांभाळता येतं. गावातल्या एका नर्सचं आणि एका डॉक्टरचं नाव त्या टीमला देऊन ठेवा.

उंबरठा, भावासाठी दोन गोष्टी. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांच्यात नैराश्य कमी होतं, शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि ते सरासरीने जास्त जगले: ११.६ महिने, इतर ८.९ महिने. तो अभ्यास कॅन्सरचा होता. पण लंडनमध्ये २०१४ साली धाप लागणाऱ्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत सीओपीडी आणि हार्ट फेल्युअरचेही रुग्ण होते. छातीचे डॉक्टर, पॅलिएटिव्हची टीम, फिजिओथेरपिस्ट असे सगळे मिळून बघत होते, आणि त्या रुग्णांची धापेवरची पकड वाढली. बाबा खचतील ही भावाची भीती प्रेमापोटी आहे, तिला नावं ठेवू नका. त्याला डॉक्टरांकडे बरोबर न्या. बाबांशी बोलताना मात्र नावापासून सुरुवात करू नका. ‘रात्रीचा त्रास कमी करायला आणखी एक डॉक्टर येणार आहेत’ एवढं सांगा. पुढचं ते स्वतः विचारतील, बहुतेक जण विचारतात.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. वर्षभराचा तो प्रश्न विचारला. ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘नाही, आश्चर्य नाही वाटणार.’ भाऊ काही बोलला नाही, पण पत्र घेताना हात त्यानेच पुढे केला. कॅन्सरवाल्या टीमने पत्र वाचूनही नकारच दिला. पेन क्लिनिकच्या डॉक्टर मात्र बाबांना बघायला तयार झाल्या आहेत, गरज पडली तर घरी येऊन. पंखा आणलाय. बाबांनी कालच्या धापेला सात दिले आणि पंख्यानंतर पाच.

आता एकच अडलंय. पुन्हा मोठा झटका आला तर काय करायचं, आयसीयूत न्यायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे बाबांना विचारून लिहून ठेवा असं त्या डॉक्टर म्हणाल्या. आईसमोर विचारू की एकट्याने? तुमच्यापैकी कुणी असा कागद घरी केला असेल, तर त्यात काय काय लिहिलं होतं आणि रात्री घाईच्या वेळी तो खरंच उपयोगी पडला का, ते सांगाल का?