गाले यांची फुलदाणी : सहीशेजारच्या ताऱ्यावर कितपत विसंबावे?

प्रश्न – मर्थकाठची

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम फ्रान्समधील नान्सी येथे आहे. येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याकडे प्रसिद्ध फ्रेंच काचकलाकार एमिल गाले यांची म्हणून ठेवलेली एक काचेची फुलदाणी पाहिली. उंची जेमतेम वीतभर, पार्श्वभूमी पिवळसर आणि धुरकट, तिच्यावर गडद जांभळ्या रंगात फुले व वेल उठावात आहेत. वेलीच्या खाली ‘गाले’ अशी सही असून तिच्याजवळ एक बारीक तारा आहे. तारा म्हणजे अस्सलपणाची खूण, असे विक्रेता सांगतो. किंमत माझ्या खिशाला जड असली तरी आवाक्याबाहेरची नाही. घेण्यापूर्वी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – काचघर

ताऱ्याचा अर्थ विक्रेता सांगतो तेवढा सरळ नाही. गाले यांचे निधन २३ सप्टेंबर १९०४ रोजी झाले. त्यांच्या पश्चात पत्नी आँरिएत यांनी कारखाना चालू ठेवला, कलेची बाजू गाले यांचे स्नेही चित्रकार व्हिक्तोर प्रूव्हे यांनी सांभाळली, आणि निधनानंतरचा माल वेगळा ओळखू यावा म्हणून पुढची काही वर्षे सहीजवळ तारा घातला जाऊ लागला. नंतर तारा वगळला गेला, सही मात्र कायम राहिली व काम १९३०च्या दशकापर्यंत चालले. त्यामुळे तारा असलेली वस्तू गाले यांच्या हयातीतली नसते, आणि तारा नाही म्हणून एखादी वस्तू त्यांच्या हयातीतलीच ठरते असेही नाही. शिवाय सहीची नक्कल करणाऱ्याला ताऱ्याची नक्कल करायला कितीसा वेळ लागणार?

आपण नान्सीतच आहात, तर आधी तेथील ‘एकोल द नान्सी’ संग्रहालयात एक दुपार घालवावी. गाले, दोम बंधू, माजोरेल अशा त्या काळच्या नान्सीतील कलाकारांच्या अस्सल वस्तू तेथे पाहायला मिळतात, आणि डोळा एकदा तयार झाला की बाजारातल्या निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात.

उत्तर – भिंगवाला

सहीपेक्षा नक्षीकडे अधिक वेळ पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा फुलदाणीत वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवलेले असतात. जो भाग राखायचा त्यावर आम्लाला दाद न देणारा लेप लावतात आणि भांडे हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवतात, म्हणजे उघडा राहिलेला भाग खाल्ला जाऊन खालचा रंग वर येतो. हे एकदाच करून भागत नाही. लेप बदलत पुन्हा पुन्हा बुडवल्याने एकाच जांभळ्या थरातून पाकळीच्या मध्याशी गडद, कडेला फिकट आणि शिरांपाशी जवळजवळ पारदर्शक अशा छटा निघतात. फुलदाणी उजेडासमोर धरून हा चढउतार शोधावा. गाले स्वतः वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते, त्यामुळे त्यांच्या कारखान्यातील चांगल्या नमुन्यांत कोणते झाड आहे हे सहसा ओळखता येते. ज्या नकला माझ्या हाताखालून गेल्या, त्यांत बहुधा दोनच पातळ्या होत्या, वरचा रंग आणि तळाचा रंग. मधले काहीच नाही, आणि पानेही कोणत्याच झाडाची नाहीत.

आता सहीविषयी. गेल्या शतकाच्या अखेरीपासून रूमानियात गाले धाटणीच्या फुलदाण्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. त्यांच्यावर सहीलगत ‘टिप’, म्हणजे ‘धाटणीचे’, असा शब्द असतो व त्यात लपवाछपवी काही नाही. लबाडी होते ती पुढे, कारण काही विक्रेते तो शब्द घासून काढतात. म्हणून सहीच्या दोन्ही बाजूंना आणि वरही भिंग फिरवावे. आम्लाने खाल्लेल्या काचेचा पोत एकसारखा असतो; घासलेल्या जागी तो गुळगुळीत किंवा किंचित खोलगट लागतो आणि उजेड तिरका पाडला की ठिगळासारखा दिसतो. काही नकलांवर हा शब्द मुळातच नसतो, तेव्हा ठिगळ सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

काठही पाहावा. टवका उडालेली फुलदाणी वरून कापून पुन्हा घासण्याची पद्धत आहे, आणि मग वेलीचे टोक काठाशी मध्येच तुटल्यासारखे दिसते. तळाला भोक असेल तर ती कधीतरी दिव्यासाठी वापरली गेली असे समजावे. त्याने किंमत बरीच उतरते. डकवलेला तुकडा अतिनील दिव्याखाली बहुतेक वेळा उघडा पडतो.

उत्तर – पावतीपुराण

वरील सर्व खरे, परंतु तुम्ही फ्रान्समध्ये आहात याचा फायदा घ्या. ३ मार्च १९८१च्या हुकमानुसार कलावस्तू व संग्राह्य वस्तूंच्या विक्रेत्याला, ग्राहकाने मागितल्यास, वस्तूचे स्वरूप, घडण, उगम व काळ यांविषयी त्याने जे सांगितले ते नोंदवलेली पावती द्यावी लागते. त्या हुकमात शब्दांचे वजनही ठरवून दिले आहे. ‘अमुक यांची’ असे लिहिले तर कर्तृत्वाची हमी मिळते, ‘अमुक यांची मानली जाणारी’ म्हणजे वस्तू त्या काळातली असून कर्तृत्वाविषयी सबळ अनुमान आहे, आणि ‘धाटणीची’, ‘शैलीतील’ किंवा ‘प्रकारची’ यांतून कर्त्याविषयी काहीच हमी मिळत नाही. निधनानंतरच्या वस्तूंसाठी लिलावाच्या सूचीत ‘एताब्लिसमाँ गाले’, म्हणजे गाले कारखाना, असा उल्लेख करण्याची रीत आहे व ताऱ्याच्या फुलदाणीला तोच शोभतो. तोंडी आश्वासनांवर जाऊ नका, ‘एताब्लिसमाँ गाले, १९०४ नंतर’ एवढे लिहून मागा.

मर्थकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा जाऊन आले. उजेडासमोर धरल्यावर पाकळ्यांत छटा दिसल्या, परंतु त्या कडेला एकदम संपतात. सहीजवळ ठिगळ मला तरी आढळले नाही. पावतीचा विषय काढताच विक्रेत्याने ‘गाले प्रकारची’ एवढेच लिहीन असे सांगितले, किंमत मात्र तीच.

पावतीपुराण

मग त्या किमतीला घेऊ नये. नान्सीतील एखाद्या लिलावगृहात फुलदाणीची छायाचित्रे दाखवा. सहीचे, तळाचे व काठाचे जवळून घेतलेले छायाचित्र असू द्या. मूल्यांकन पुष्कळ ठिकाणी विनामूल्य करून देतात. फुलदाणी नुसती आवडली म्हणून हवी असेल, तर शोभेच्या वस्तूचा जो दर असतो त्यापलीकडे जाऊ नका.