मदत हवी आहे : केळीच्या खड्ड्यात पाणी तुंबतंय

नमस्कार मंडळी. आमचं घर राजापूर तालुक्यात, परस जेमतेम दीड गुंठा. आजीच्या वेळेपासून न्हाणीचं पाणी मागच्या अळवाला जायचं, अळू कमरेएवढं वाढायचं. पर्माकल्चरमधला (निसर्गाच्या चालीने शेती-बाग करायची पद्धत) केळीचा खड्डा बघितला तेव्हा वाटलं, हे तर आपलंच, फक्त जरा शिस्तीत मांडलेलं. म्हणून फेब्रुवारीत गोल खड्डा खणला, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. आत पालापाचोळा, झावळ्या, शेण भरलं. काठाच्या मातीवर केळीचे चार मुनवे (बुंध्याशी फुटलेली पिल्लं), मध्ये अळू आणि हळद. मोरीचा पाइप त्यातच सोडला.

मे अखेरपर्यंत सगळं झकास होतं. पण अडीच फुटांखाली कातळ लागलाय, तो उरलेला अर्धा फूट पहारीने फोडला होता. आता इथल्या पावसात (वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो) खड्डा काठोकाठ भरतो आणि दिवसचे दिवस उतरत नाही. वास सुटलाय. दोन केळींची खालची पानं पिवळी पडलीत, मुळं कुजतील याची फार धास्ती वाटते.

पाऊसभर मोरीचं पाणी दुसरीकडे वळवावं, की उताराच्या बाजूला चर काढून जास्तीचं पाणी माडांकडे न्यावं? की खड्डा निम्मा बुजवून केळी उंच वरंब्यावर घ्यावी? कातळावर हे कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. साबणाच्या पाण्याबद्दलही सांगा, भांड्यांना आम्ही राख आणि रिठा वापरतो, कपड्यांना मात्र पावडरच.