शेजारी शेजारी लावलेले फोटो म्हणजे सहयोग?

दुसरी_फ्रेम:
दोन देशांतल्या विद्यार्थ्यांच्या फोटो-प्रकल्पाची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. विषय 'माझी सकाळ'. डावीकडे एका शाळेचा फोटो, उजवीकडे दुसऱ्या शाळेचा, वर मथळा: 'अंतर मिटलं'. कुठे मिटलं? इकडची मुलगी आजारी पडली असती तरी तिकडच्या मुलाचा एकही फोटो बदलला नसता. मग हा सहयोग कसा? दोघांनी एकच गृहपाठ वेगवेगळा केला, इतकंच.

शिवाय जोडी लावली की बघणारा आधी खोली बघतो, खिडकी बघतो, कुणाचं घर मोठं ते मोजतो. मुलांनी जे दाखवायला फोटो काढला ते बाजूलाच राहतं. माझी अट साधी आहे: दुसऱ्याशिवाय फोटो पुरा होऊच नये. त्याने मागितलेला फोटो तू काढ, तुझ्या फोटोला त्याने फोटोनेच उत्तर द्यावं, नाहीतर एकाच फ्रेमवर दोघांनी काम करावं. नाहीतर 'सहयोग' हे नाव वापरू नका.

वर्गातला_कॅमेरा:
प्रचंड असहमत. तुम्ही कधी असा प्रकल्प वर्गात चालवला आहे का? आठवड्याला एक तास मिळतो. तिकडची सुट्टी लागते तेव्हा इकडे परीक्षा असते. गेल्या वेळी आमच्या मुलांनी फोटो पाठवले आणि समोरची शाळा अर्धं सत्र गप्प. मुलं रोज विचारायची, 'आलं का काही?' तुमची अट असती तर त्यांच्या हातात शेवटी काहीच उरलं नसतं. शेजारी लावता येतील असे फोटो तरी उरले.

आणि शेजारी लावण्यात कमीपणा कसला? १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये 'द फॅमिली ऑफ मॅन' हे फोटोप्रदर्शन लागलं, ६८ देशांतले ५०३ फोटो. तिथेही शेजारी शेजारीच होते.

दुसरी_फ्रेम:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. ते सगळे फोटो निवडले प्रदर्शन भरवणाऱ्या एडवर्ड स्टायकेन आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांनी. ते संकलन होतं. फोटोग्राफरांनी ते मिळून काढले नव्हते. शाळांच्या प्रकल्पातही नेमकं तेच होतं: मुलं काढतात, निवड शिक्षक करतात आणि जोड्याही शिक्षकच लावतात.

अंधारखोली:
तुमची अट पुरी करणारी पद्धत आधीपासून आहे. एकाने ३५ मिमी फिल्मचा रोल पूर्ण काढायचा, लीडर (फिल्मचं सुरुवातीचं टोक) बाहेर राहील इतपतच रिवाइंड करायचा आणि पोस्टाने पाठवायचा. दुसऱ्याने त्याच रोलवर पुन्हा काढायचं. दोघांनाही शेवटपर्यंत माहीत नसतं काय निघणार. रोलचा वेग (आयएसओ) ४०० असेल तर दोघांनी कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर ८००ला ठेवा, म्हणजे दर वेळी अर्धाच उजेड पडतो आणि दोन अर्धे मिळून एक्स्पोजर बरोबर बसतं.

दाणेदार:
८०० का म्हणून? निगेटिव्ह रोल एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, सहज सोसतो. ४००लाच काढा. ८०० चा हट्ट जास्त उजेड न सोसणाऱ्या स्लाइड रोलसाठी ठीक आहे.

अंधारखोली:
सोसतो म्हणून मुद्दाम जास्त द्यायचं? आधीच दोन चित्रं एकावर एक, त्यात आकाश जळून पांढरं झालं की दुसऱ्याचं काही दिसतच नाही.

दाणेदार:
तुम्ही फक्त उजेडाकडे बघताय. पहिल्याच्या फोटोत जिथे काळोख आहे तिथेच दुसऱ्याचं चित्र उमटतं ना? त्या जागी एकच एक्स्पोजर पोचतं. ८००ला काढलंत तर ते एक स्टॉप कमी पडतं, करडं आणि दाणेदार निघतं. मी असे रोल धुतले आहेत. मुलांचे चेहरे चिखलातून काढल्यासारखे आले होते आणि त्यांची तोंडं पडली होती. नियम घोकण्यापेक्षा निगेटिव्ह बघा.

अंधारखोली:
मीही बघतो निगेटिव्ह. सूर जरा खाली ठेवा. काळोखाच्या जागेचं म्हणणं मान्य, पण भर उन्हात मी ८००च ठेवणार.

वर्गातला_कॅमेरा:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. रोल महाग, कॅमेरे मिळत नाहीत, आणि फ्रेमवर फ्रेम बसली नाही तर सगळा रोल वाया.

अंधारखोली:
रोल भरताना कॅमेऱ्यातल्या चौकटीच्या कडेला फिल्मवर पेनने रेघ मारायची. दुसऱ्याने तीच रेघ त्याच कडेला आणायची. बसतं.

आधी_विचारा:
तुम्ही रोलवर भांडा, पण बहुतेक मुलं मोबाइलवरच काढणार. मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश राहू शकतात. मुलांचे घरातले फोटो परक्या शाळेकडे जातात आणि कुणी तपासत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या आजीचा फोटो न विचारता भिंतीवर लागला. मुलीने परवानगी दिली होती, आजीला कुणी विचारलंच नाही. सहयोगाची व्याख्या नंतर करा, आधी हे बघा.

दुसरी_फ्रेम:
यावर वाद नाही. निवडीत मुलं असती तर ती मुलगीच म्हणाली असती, हा नको.

वर्गातला_कॅमेरा:
निवड मुलांकडे द्यावी, हे मानतो. पण 'काढलं तेव्हा एकत्र नव्हते म्हणून सहयोग नाही' हे मानणार नाही. १९९०च्या दशकात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक कॅरोलाइन वांग आणि त्यांच्या सहकारी मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नानमध्ये खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. फोटो प्रत्येकीने आपापला काढला. मग सगळ्या बसून त्यावर बोलल्या आणि ते धोरण ठरवणाऱ्यांसमोर ठेवले गेले. खरं काम त्या बोलण्यात झालं.

दुसरी_फ्रेम:
मग तुमच्या प्रकल्पात ते बोलणं कधी होतं? त्या पोस्टमध्ये मुलांचं एक वाक्य नव्हतं.

वर्गातला_कॅमेरा:
वेळ मिळत नाही, सांगितलं ना. बरं, पुढच्या सत्रात एक गट रोलवर करून बघतो. गुण मात्र प्रत्येकाला वेगळे द्यावे लागतात, ते दुहेरी फ्रेमला कसे द्यायचे तेवढं सांगा.

दाणेदार:
दोघांच्या वह्या तपासा. कुठे काळोख ठेवला आणि का, हे प्रत्येकाने फ्रेमगणिक लिहायचं आणि वही रोलबरोबर पाठवायची. आणि मीटर ४००लाच.