मदत हवी आहे: घरात राहून राहून मन बधिर झालंय, काय करावं?

आडोसा

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. विषय शिळा आहे, कबूल. 'घरबसल्या वेळ कसा घालवाल' छापाच्या याद्या वाचून सगळेच कंटाळलेत. पण माझा प्रश्न वेळ घालवण्याचा नाही.

घरात आई, धाकटा भाऊ आणि मी. आईला फुप्फुसाचं जुनं दुखणं आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची महासाथ जाहीर केली, त्याच सुमारास आम्ही दार लावून घेतलं. मध्यंतरी निर्बंध सैल झाले, लोक बाहेर पडले, आम्ही मात्र घरातच. त्याला आता वर्ष उलटून गेलं. माझं आणि भावाचं काम घरूनच चालतं, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नाही. म्हणूनच तक्रार करायलाही संकोच वाटतो.

सुरुवातीला भीती होती, पण त्या भीतीतही एक हुशारी होती. आता भीतीही उरलेली नाही. काहीच वाटत नाही. आज मंगळवार की गुरुवार हे काम सुरू केल्यावर कळतं. मैत्रिणींचे फोन वाजत राहतात आणि मी बघत बसते. हौसेने मागवलेली पुस्तकं तशीच पडून आहेत. रात्री झोप येत नाही म्हणण्यापेक्षा झोपावंसंच वाटत नाही, कारण दिवसभरात माझं असं काही घडलेलंच नसतं. भावाशी भांडणं होतात आणि कारणं सांगायची लाज वाटते. परवा तो कीबोर्ड जोरात बडवतो यावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही.

छंद जोपासा, नवीन भाषा शिका, ध्यान करा हे सगळे सल्ले ऐकून झालेत. कृपा करून तेच पुन्हा देऊ नका. साथीमुळे विद्यापीठ बंद पडल्यावर न्यूटनने घरी बसून काय काय शोधलं, हेही कुणी सांगू नका. त्याला व्हिडिओ मीटिंगा नव्हत्या.

मला विचारायचंय ते एवढंच: जे खरोखर इतके महिने घरात आहेत त्यांनी काय केलं? आणि हा नुसता कंटाळा आहे की डॉक्टरकडे जायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

शून्यप्रहर

न्यूटनबद्दलच्या वाक्याला माझ्याकडून +१००.

दिवस एकमेकांत मिसळतात याबद्दल थोडं लिहितो, कारण मीही त्यातूनच गेलोय. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळ न घेता दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. जवळजवळ महिनाभर हिशेबातून गळाला. त्याच्याकडे ऊन नव्हतं, माणसं नव्हती, ठरल्या वेळी कुठे पोचायचं नव्हतं. आपल्याकडे घड्याळं ढीगभर आहेत, पण बाकीच्या तिन्ही गोष्टी आपल्याही निम्म्याशिम्म्या गेल्याच आहेत.

त्यातलं ऊन परत आणणं सगळ्यात सोपं. घरातला उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण मोजला तर बहुतेक खोल्यांत तो काही शे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुढे जात नाही. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स असतात. शरीरातलं घड्याळ जुळवून घ्यायला हा फरक फार मोठा आहे आणि सकाळचा उजेड त्यात सगळ्यात कामाचा. मी उठल्या उठल्या गच्चीवर जातो, फोन खाली ठेवून. गच्ची नसेल तर उघड्या खिडकीला अगदी चिकटून बसा. गर्दी नसलेल्या वेळी मोकळ्या हवेत चक्कर मारायला तुमच्याकडे मुभा असेल तर त्याहून उत्तम. बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी असतो, हे आईंच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं करून घ्या.

झोप लगेच नाही सुधारली. पण उठायची वेळ आधी पक्की केली आणि झोपायच्या वेळेशी झटापट सोडली, तेव्हा ती हळूहळू मागे आली.

काठावरची

आडोसा, कीबोर्डची लाज वाटून घेऊ नका. मंगळावर जायची रंगीत तालीम म्हणून मॉस्कोत २०१० ते २०११ असा एक प्रयोग झाला होता. सहा निवडक, निरोगी, प्रशिक्षित पुरुष ५२० दिवस एका बंद यानासारख्या जागेत. जसजसे महिने गेले तसतशी त्यांची हालचाल कमी होत गेली, बहुतेकांच्या झोपेचं काही ना काही बिघडलं. एकाचा दिवस तर जवळपास २५ तासांचा झाला, म्हणजे इतर जागे असताना हा झोपलेला. पारखून निवडलेल्यांची ही अवस्था, आपली तर निवडही कुणी केली नव्हती.

आमच्या घरात भांडणं कमी झाली ती एका अगदी रुक्ष उपायाने. कोणत्या वेळी कोणती खोली कुणाची, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं. आणि दिवसातला एक तास असा, की त्या वेळी कुणी कुणाशी बोलायचंच नाही, निरोपसुद्धा नाही. नवरा म्हणाला, हे काय वसतिगृह आहे का? आठवड्याभरात तोच त्या तासाची वाट बघायला लागला. आपण एकमेकांना कंटाळलेलो नसतो, सतत कुणाच्या तरी नजरेसमोर असण्याला कंटाळलेलो असतो. जागा कमी असेल तर कानाला हेडफोन आणि भिंतीकडे तोंड, एवढंही चालतं. फक्त ते आधी ठरलेलं हवं, नाहीतर समोरच्याला तो रुसवा वाटतो.

फोन उचलावेसे न वाटण्याबद्दल: मी व्हिडिओ कॉल बंद केले. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या सुरुवातीला यावर लिहिलंय की सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका जागी खिळून राहणं आणि हावभाव वाचण्यासाठी पडणारा जास्तीचा ताण, या चार गोष्टींनी माणूस थकतो. साधा फोन लावते, बोलता बोलता घरभर फिरते. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलंय की दहा मिनिटांनी ठेवणार. शेवट ठाऊक असला की फोन उचलायला जड जात नाही.

तळटीप

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. धाग्यावरून निदान करता येत नाही आणि करूही नये, तरी दोन-तीन गोष्टी सांगते.

आडोसा, तुमच्या लिहिण्यात मला एक वाक्य महत्त्वाचं वाटलं, 'माझं असं काही घडलेलंच नसतं.' वेळ भरायचे सल्ले तुम्हाला नकोसे होतात यात नवल नाही. तुमचा दिवस भरलेलाच आहे, त्याला कडा नाहीत. पूर्वी कामावर जाण्यायेण्यात, कपडे बदलण्यात, दाराला कुलूप लावण्यात एक गोष्ट संपून दुसरी सुरू व्हायची. ते सांधे निघून गेले आणि सगळं सपाट झालं. त्यामुळे नवा छंद शोधण्याआधी काम संपल्याची एखादी ठळक खूण ठरवा. संगणक झाकून दुसऱ्या खोलीत ठेवणं, कपडे बदलणं, जिने उतरून परत चढणं, काहीही चालेल. पण ते रोज व्हावं आणि शरीराने व्हावं, नुसतं मनात ठरवून भागत नाही.

दुसरं, 'मन लागलं की करीन' याची वाट बघू नका. नैराश्यावरच्या उपचारांत एक पद्धत आहे, १९७० च्या दशकात पीटर ल्युइन्सन यांच्या कामातून ती पुढे आली. तिचं सूत्र उलटं आहे: आधी कृती, मग मन. कृती अगदी किरकोळ हवी. पुस्तक वाचायचं नाही, दोन पानं वाचून मिटायचं. दोन पानांनंतर वाचावंसं वाटलं तरी मिटा. दुसऱ्या दिवशी ते उघडायला कारण राहतं.

बातम्यांनी वाढणाऱ्या चिंतेचं कुणी लिहिलं नाही म्हणून जाता जाता: चिंता दाबू नका, तिला वेळ नेमून द्या. दिवसातून अर्धा तास, ठरलेल्या जागी, कागदावर. इतर वेळी ती आली की तिला त्या वेळेचं सांगा. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे तपासून मांडलं. ऐकायला पोरकट वाटतं, पण बऱ्याच जणांना उपयोगी पडतं. झोपायच्या आधीचा तास मात्र त्यासाठी निवडू नका.

आता डॉक्टरकडे कधी जायचं. नैराश्य तपासायला डॉक्टर जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: कशात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप बिघडलीय, थकवा आहे, भूक कमी किंवा जास्त झालीय, स्वतःबद्दल वाईट वाटतं, लक्ष लागत नाही, हालचाल मंदावलीय किंवा अस्वस्थपणा वाढलाय, आणि मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं मनात येतं का. एकूण २७ गुण असतात, १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलावं असा साधारण संकेत आहे. तेवढे गुण आले म्हणजे आजार आहेच असं नाही, आणि कमी आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडंसं जरी 'हो' असलं तरी बाकीची बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला किंवा डॉक्टरांना फोन करा.

तुम्ही लिहिलंय त्यातल्या तीन-चार गोष्टी या यादीत आहेत आणि त्या दोन आठवड्यांहून कितीतरी जुन्या दिसतात. मी तुमच्या जागी असते तर एकदा डॉक्टरांशी बोलले असते. ते फोनवरही होतं.

बिनपगारी_पाहुणा

एवढं काय त्यात. आमच्या आज्या वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नव्हत्या, त्यांना कुठे नैराश्य यायचं?

काठावरची

यायचं. विचारलं कुणी?

आडोसा

सगळ्यांचे आभार. तळटीप, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. ती प्रश्नावली भरली. गुण इथे लिहीत नाही, पण डॉक्टरांची फोनवरची वेळ घेतलीय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे, काळजी नसावी.

भावाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, कीबोर्ड मुद्दामच बडवत होतो. आता खोल्यांचा कागद तयार होतोय.

एक गोष्ट अजून टोचते. आईला माझ्यापेक्षा बराच कमी त्रास होतोय. जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती निवांत आहे आणि मी कुढतेय, वर तिच्यावरच चिडते. मग रात्री त्याचं वाईट वाटत राहतं.

तळटीप

आईंचं निवांत असणं वेगळं नाही. २०२० मध्ये अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत, ज्येष्ठांना आजाराचा धोका जास्त असूनही चिंता आणि उदासी तरुणांमध्येच जास्त दिसली. सगळ्या ज्येष्ठांना हे लागू नाही, एकटे राहणाऱ्यांचे हाल वेगळे. पण पुढच्या आयुष्याची मांडामांड ज्यांची अजून चाललीय त्यांचं या थांबण्यात जास्त अडलंय. तुमचं चिडणं आईंवर नसून त्या अडण्यावर असेल.

चिडण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवर आधीच्या २४ अभ्यासांचा आढावा आला होता. जास्त मुदत, कंटाळा, अपुरी माहिती, पैशांचं नुकसान या गोष्टी त्रास वाढवतात, हे त्यात आहेच. पण लादलेल्या विलगीकरणापेक्षा दुसऱ्याच्या भल्यासाठी स्वखुशीने स्वीकारलेलं सोसायला सोपं जातं, असंही त्यात म्हटलंय. तुमचं सुरुवातीला स्वखुशीचं होतं. हळूहळू ते गृहीत धरलं गेलं, बहुधा तुमच्याकडूनही. तिघांनी बसून ते पुन्हा एकदा ठरवा: काय पाळायचं, काय सैल करता येईल, लसीनंतर काय बदलेल, आणि हे पुन्हा तपासायचं कधी. तारीख घालून. ती आल्यावर परत तेच ठरलं तरी चालेल.

आडोसा

लसीचं डॉक्टरांना विचारते. तारखेचं आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, तारीख ठरवताय तर त्यात माझंही एक घाला, मला रोज संध्याकाळी कुणी 'बरी आहेस ना' असं विचारायचं नाही.

काठावरची

घाला घाला. कागदावर सगळ्यात वर.