इरिब, लपाप आणि जपान: आधी तारखा बघा

रेघोटी: ‘पॅरिसचा पोशाखकार पॉल प्वारे याच्या काळातली फॅशनचित्रं म्हणजे नेपथ्य-वेशभूषाकार बाक्स्तच्या रशियन बॅलेची नक्कल, जपानचा काडीचा संबंध नाही’ ही पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. रशियन बॅले पॅरिसात आला १९०९ मध्ये. चित्रकार पॉल इरिबने प्वारेच्या पोशाखांचा अल्बम काढला १९०८ मध्ये! उघडून बघा तो. मागचं फर्निचर नुसत्या रेघेत, रंग फक्त झग्यांना, तोही सपाट, सावलीचं नाव नाही. एखादी बाई तर चक्क पाठमोरी. हे जपानी छापचित्रकार उतामारोच्या घराण्यातलं नाही तर कुणाचं?

गेरू: तारीख मान्य. पण त्या झग्यांची उंच कंबर फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दिरेक्त्वार काळातली, अस्सल फ्रेंच. आणि चित्रकार लपापने १९११ मध्ये काढलेल्या प्वारेच्या अल्बममधले फेटे? प्वारेने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हिंदुस्थानी फेटे पाहिले आणि नकला करायला पॅरिसहून कारागीर बाई बोलावून घेतली. जपान जपान किती करायचं? आपलं नाव कोण घेणार?

रेघोटी: फेटा हा पोशाख झाला. मी रेखाटनाबद्दल बोलतेय. गल्लत करू नका.

रंगारी: आणि रंगकाम? ते पोश्वारचं, म्हणजे स्टेन्सिल. जस्ताचा पत्रा कापायचा, दर रंगाला वेगळा, वरून ब्रशने गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. जपानी चित्रं लाकडी ठशांची. एपिनाल गावची स्वस्त चित्रं फ्रान्समध्ये कितीतरी आधीपासून स्टेन्सिलनेच रंगत होती.

ठसा: कातागामी विसरलात? किमोनोच्या कापडाचे जपानी कागदी साचे, म्हणजे स्टेन्सिलच, युरोपातल्या संग्रहालयांत ढिगाने आहेत.

रंगारी: त्यातून तांदळाची खळ दाबतात. खळ लागली तिथे रंग चढत नाही, म्हणजे काम बरोब्बर उलटं! वडिलांच्या हाताखाली साड्यांवर स्टेन्सिल मारत वाढलोय मी. साच्याच्या कडेखाली रंग पाझरला की अख्खी साडी वाया. मला पुस्तकातलं शिकवू नका.

ठसा: तुमच्या घरच्या साड्यांवरून पॅरिसचा इतिहास ठरत नसतो.

रंगारी: आणि कागदी साचा हातात न धरता ठरतो?

रेघोटी: पुरे! तंत्र फ्रेंच, जा, दिलं. पण १९०९ ते १९१४ या काळात पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात जपानी छापचित्रांची ओळीने प्रदर्शनं लागली. ‘गाझेत द्यु बाँ ताँ’ हे फॅशनचं मासिक निघालं १९१२ ला. शिवाय जपानी चित्रकार कोर्युसाईने १७७० च्या दशकात गणिकांच्या नव्या पेहरावांची अख्खी मालिका काढली होती. ती फॅशनचित्रंच की! एका फॅशनचित्राने दुसऱ्याकडून घेतलं, एवढं साधं आहे.

गेरू: बरं, रेघ जपानची. फेटा मात्र मी सोडणार नाही.