केनशिनचा रडवणारा शेवट: कुठल्या क्रमाने दाखवायचा, आणि मराठी सबटायटलचं काय करायचं?

टिळकवाडी_रविवार

नमस्कार मंडळी. दर रविवारी गल्लीतल्या एकाच्या घरी पंधराएक जण जमतात, वय १४ ते ७०. 'रुरोनी केनशिन' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा २००१-०२ चा दोन भागांचा शेवट, म्हणजे 'सेइसोहेन', दाखवला आणि खोलीत सरळ दोन तट पडले. निम्मे डोळे पुसत होते आणि निम्मे चिडले होते: "एवढा तलवारबाज, आणि दुखण्याने मारायचा? आणि बायकोला पण तेच दुखणं?" बऱ्याच जणांनी आधी फक्त टीव्ही मालिकेचे सुरुवातीचे भाग पाहिले होते.

प्रश्न असे:
१. पुन्हा दाखवायचं तर आधी काय काय दाखवावं? ९५ भाग कुणी बसून बघणार नाही.
२. त्याला झालंय तरी काय? आजोबा मंडळी पट्ट्या बघून 'महारोग' म्हणाली.
३. गालावरचा फुलीसारखा व्रण शेवटी गायब कसा होतो?
४. मराठी सबटायटल घरीच केलीत. सुरुवातीला बरोबर असतात, शेवटी पावणेदोन-दोन मिनिटं चुकतात. टीव्हीवर जोडाक्षरंही फुटतात.

निपाणी_कट्टा

क्रमाचं सांगतो, कारण निम्मी चिडचिड तिथूनच आलेली आहे.

'सेइसोहेन' ही स्वतंत्र गोष्ट नव्हेच. केनशिनची बायको काओरू मागचं आठवत बसलेली आहे आणि आपण तिच्या आठवणी बघतो. ज्याच्याकडे त्या आठवणीच नाहीत त्याला ते तुकडेच दिसणार. कमीत कमी एवढं दाखवा:

पहिली बैठक: टीव्ही मालिकेचा (१९९६-९८) भाग १, मग ६ आणि ७. पहिल्यात हसरा, गोंधळला की 'ओरो' करणारा भटक्या कळतो. सहा-सातमध्ये काळ्या टोपीवाल्या जिन-एसमोर त्याच्या आतला जुना मारेकरी वर येतो.

दुसरी बैठक: 'त्सुइओकुहेन' (केनशिनच्या मारेकरी दिवसांची गोष्ट), १९९९, चार भाग, साधारण दोन तास. हे आधी दाखवायचा मोह आवरा. हसरा केनशिन न बघता हे बघितलं तर तो फक्त एक खुनी पोरगा राहतो.

तिसरी, चौथी आणि पुढच्या: भाग २८ ते ६२, क्योतो प्रकरण. वेळ नसेल तर २८ ते ३१ आणि शेवटचे चार-पाच, मधलं तोंडी सांगा. ६३ ते ९५ मूळ मांगातलं, म्हणजे जपानी चित्रकथेतलं, नाही, या कामासाठी खुशाल सोडा.

आणि इथे खड्डा आहे. मांगाचं शेवटचं मोठं प्रकरण, म्हणजे केनशिनच्या पहिल्या बायकोचा, तोमोएचा, धाकटा भाऊ एनिशी सूड घ्यायला येतो ते, १९९८ ला मालिका संपली तरी आलंच नव्हतं. 'सेइसोहेन' ते काही मिनिटांत उरकतं. म्हणून लोक विचारतात, "हा पांढऱ्या केसांचा कोण?" मांगाचे एकूण २८ खंड आहेत. १८ व्या खंडापासून पुढचं वाचून कुणीतरी दहा मिनिटांत सांगावं, नाहीतर खरी माणसं घेऊन केलेला २०२१ चा 'द फायनल' दाखवावा, त्यात हेच प्रकरण आहे.

एक बारीक गोष्ट. मालिका ४:३ मापाची आहे. टीव्ही 'फुल'वर असेल तर सगळ्यांची तोंडं पुरीसारखी फुगतात. आधी ते सेटिंग बघा.

वडगाव_माग

क्रम कितीही लावा, माझं मत बदलणार नाही. मांगा १९९९ ला संपतो तो घरात हसू आणून. केनशिन उलट्या धारेची तलवार काओरूच्या शिष्याला, यहिकोला, देतो, मुलगा केन्जी रांगत्या वयाचा आहे, माणूस दहा वर्षं भटकून एकदाचा घरी टेकला. तेच या गोष्टीचं म्हणणं होतं: पाप फेडायचं ते मरून नाही, जगून. 'सेइसोहेन' त्याला परत घराबाहेर काढतं, आणि पोरगा बापावर राग धरून थेट बापाच्या गुरूकडे, हिको सेइजुरोकडे, तलवार शिकायला जातो. तुमच्या खोलीत जे चिडले ते अडाणी नव्हते, त्यांना गोष्ट नीट कळली होती.

शिवाय २०१७ पासून होक्काइदोचं नवं प्रकरण मांगात सुरू झालं, काळ १८८३ चा. तेव्हा 'सेइसोहेन' हा पुढचा अधिकृत इतिहास धरायचं कारण नाही. दाखवताना आधीच सांगा की हा दिग्दर्शकाने कल्पिलेला एक शेवट आहे. एवढ्या एका वाक्याने निम्मी भांडणं मिटतात.

खानापूर_पाऊस

वडगावकर, मान्य आणि अमान्य दोन्ही. त्यावर नंतर येते, आधी दुखणं आणि व्रण.

दुखण्याचं नाव संवादात कुठेही येत नाही. सबटायटलमध्ये तुम्हीही घालू नका. 'महारोग' तर मुळीच नको. कुष्ठरोग स्पर्शाने चटकन लागत नाही आणि आज बहुऔषधी उपचाराने सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात त्या शब्दाची जुनी भीती आहे, ती पडद्यावरून परत कशाला जागवायची? 'दुखणं' पुरे. गोष्टीला रोग कुठला याच्याशी देणंघेणं नाही. काओरू ते वाटून घेते, कारण त्याने आयुष्यभर एकट्याने ओझं वाहिलं आणि त्यातला वाटा तिला कधीच मिळाला नाही. हे पटायलाच हवं असं नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण ती फसवली गेलेली बाई नाही, तिने मागून घेतलंय, एवढं सबटायटलमध्ये स्पष्ट उतरलं पाहिजे. "मला पण द्या" आणि "मला पण झालं" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

व्रणाचं उत्तर 'त्सुइओकुहेन'मध्ये आहे. पहिली रेघ कियोसातोच्या तलवारीची. त्याचं तोमोएशी लग्न ठरलेलं होतं आणि त्याला केनशिननेच मारलं. दुसरी रेघ मरत्या तोमोएच्या हातातल्या सुरीची. मोठा राग मनात धरून केलेली जखम तो राग शमेपर्यंत जात नाही, असा समज तिथे बोलून दाखवलाय. 'सेइसोहेन'च्या अखेरीस चेरीच्या फुलांखाली काओरू त्याच्या गालाकडे बघते आणि फुली दिसत नाही. म्हणजे फिटलं. ज्याने आधीचे चार भाग पाहिले नाहीत त्याला ही चित्रकाराची चूक वाटते!

काळाचा हिशोबही लावून द्या, वयस्कर मंडळींना आवडतो. केनशिनचा जन्म १८४९ चा. जानेवारी १८६८ ला तोबा-फुशिमीची लढाई झाली, त्यानंतर त्याने खून सोडले. १८७८ ला तोक्योत काओरू भेटते. १४ मे १८७८ ला जपानचा गृहमंत्री ओकुबो तोशिमिची याचा खून खरोखर झाला होता, आणि गोष्टीत त्याच रात्री केनशिन क्योतोला निघतो. शेवटी तो जातो ते १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धाच्या मुलखात, म्हणजे वय पंचेचाळिशीचं. त्या युद्धात लढाईत पडले त्याहून कितीतरी जास्त जपानी सैनिक रोगाने गेले, तेव्हा तलवारबाज दुखण्याने मेला यात काळाला सोडून काही नाही. आपल्याला पोवाड्यात रणात पडणारा वीर ऐकायची सवय, म्हणून ते खटकतं.

परदेशात त्याची स्मृती गेलेली असते आणि जुना मित्र सानोसुके त्याला ओळखून जहाजावर चढवतो. विसरणं आणि ओळख पटणं हे आपल्याला नवीन नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं ते १८८० ला, म्हणजे केनशिनच्या गोष्टीतल्या तोक्योच्याच दिवसांत. फरक एवढाच की तिथे अंगठी सापडल्यावर संसार सुरू होतो, इथे संपतो.

टिळकवाडी_रविवार

ताई, तारखांचा तक्ता भिंतीवर लावतो. सबटायटलचं कुणी सांगाल का? पहिल्या मिनिटाला बिनचूक असतात, ४५ व्या मिनिटाला साफ सुटलेली.

चिकोडी_टाइमकोड

पावणेदोन-दोन मिनिटं म्हणालात तिथेच निदान झालं. व्हिडिओ सेकंदाला २३.९७६ चौकटींचा (फ्रेमचा) आहे आणि सबटायटल २५ धरून केलेलं. मिनिटाला सुमारे अडीच सेकंद सरकतं, ४५ मिनिटांत १ मिनिट ५० सेकंद. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे: जुना २५, नवा २३.९७६ घाला. सबटायटल मागे पडण्याऐवजी आणखी पळायला लागलं तर दोन आकडे उलटे घाला. पहिल्या आणि शेवटच्या ओळीला चूक सारखीच असती तर नुसतं सरकवून भागलं असतं. व्हीएलसीत जी आणि एच या कळा ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात, पण वाढत जाणाऱ्या चुकीला तो उपाय नव्हे. दर पाच मिनिटांनी कुणाला तरी कळ दाबत बसावं लागेल.

अक्षरं फुटण्याची कारणं तीन, वेगवेगळी ओळखा:

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल 'एएनएसआय' या मराठी न पेलणाऱ्या जुन्या पद्धतीत सेव्ह झाली. ती परत येत नाही, मूळ प्रतीवरून 'यूटीएफ-८'मध्ये पुन्हा सेव्ह करा.

इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आलाय. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार आणि 'ष', 'श' हाताने तपासा.

अक्षरं मराठीच, पण 'त्र'चा 'त् र' आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे, तर टीव्हीच्या प्लेअरला देवनागरी जोडता येत नाही. फॉन्ट बदलून काही होत नाही. एकतर लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, नाहीतर अक्षरं चित्रात भाजून टाका: 'एजीसब'मध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फॉन्ट ठरवून 'एएसएस' फाइल करा, आणि 'हँडब्रेक'मध्ये ती घेऊन 'बर्न इन'वर खूण करा. आधी दोन मिनिटांचा तुकडा भाजून बघा.

शेवटच्या फुलांच्या दृश्यात पांढरी अक्षरं पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांत हरवतात. कडेला काळी रेघ ३ पिक्सेल आणि किंचित सावली द्या. एका ओळीत सात-आठ शब्द, दोनच ओळी, कमीत कमी १ सेकंद, जास्तीत जास्त ७. तुमच्याकडे सत्तरीची माणसं आहेत, तेव्हा लहान वाक्यही दीड सेकंद ठेवा.

पोरं कन्नड माध्यमातली असतील तर दुसरी फाइल कन्नडमध्ये करा, नावाच्या शेवटी 'एमआर' आणि 'केएन' लावा म्हणजे प्लेअर दोन्ही दाखवेल. भाजताना मात्र एकच राहते. आवाज ५.१ असेल आणि टीव्ही स्टिरिओ असेल, तर 'डाउनमिक्स' (सगळे चॅनेल दोनात मिसळणं) चालू करा. बोलणं मधल्या चॅनेलवर असतं, ते गेलं की नुसतं संगीत ऐकू येतं.

आणि डिस्क घरगुती बैठकीपुरतीच. गणपतीच्या मंडपात लावायची असेल तर हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते.

खानापूर_पाऊस

तांत्रिक झालं, आता भाषा. प्रेक्षक चिडण्याचं दुसरं कारण माझ्या मते इंग्रजीवरून केलेली सबटायटलं.

केनशिन स्वतःला 'सेश्शा' म्हणतो, वाक्याच्या शेवटी 'गोझारु' लावतो, आणि काओरूला 'दोनो' जोडून हाक मारतो. जुन्या वळणाचं, नमून बोलणं. आतला मारेकरी वर आला की तोच माणूस 'ओरे' म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'मी' आणि एकच 'तुम्ही' होतं. मराठीला आपण-तुम्ही-तू अशी तिन्ही पायऱ्यांची सोय आहे, ती वापरा. एरवी "काओरूबाई, आपण आत बसा". जिन-एसमोर "चल, संपवतो तुला". 'अस्मादिक', 'हा पामर' असलं काही नको, लोक हसतात. 'ओरो' तसंच ठेवा.

आणि निरोपाचे शब्द. जपानी माणूस घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. आपणही उंबऱ्यावर 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नडमध्येही 'होगि बर्तीनि'. काजव्यांच्या दृश्यात, क्योतोला जाताना, केनशिन हे म्हणत नाही. तो 'सायोनारा' म्हणतो. तिथे 'येतो' लिहिलंत तर अख्खा प्रसंग मेला. 'निरोप द्या' लिहा. क्योतोहून परतल्यावर काओरू 'ओकाएरी' म्हणते आणि तो 'तादाइमा'. त्याला 'स्वागत आहे' नको, ते पाटीवरचं झालं. "आलात?" आणि "आलो."

वडगावकर, तुमच्या हरकतीवर माझं म्हणणं इथेच आहे. घर सोडणं ही त्याची खोड दोन्हीकडे आहे. मांगा त्याला घरात आणून थांबतो, 'सेइसोहेन' त्याला पुन्हा बाहेर काढून पुन्हा घरी आणतं.

वडगाव_माग

आणतं खरं, पण किती मिनिटांसाठी? ते काही मला पटायचं नाही. 'आलात-आलो' मात्र घ्या की ओ, त्याला तोड नाही.

टिळकवाडी_रविवार

फ्रेम रेट बदलला, शेवटची ओळ बरोबर ओठांवर बसली. अक्षरं आता लॅपटॉपवरूनच दाखवणार. पुढच्या रविवारी भाग १, ६ आणि ७. एक अडलंय: केन्जीने बापाशी बोलताना काय वापरावं, 'तुम्ही' की 'तू'?

खानापूर_पाऊस

समोर 'तुम्ही'. यहिकोशी झुंजताना बापाबद्दल बोलतो तिथे 'तो'. 'ते' नको. त्याचा राग त्या एका अक्षरात आहे.